लाल लोकर

बेका खोऱ्यात बाकल्याच्या शेंगेलाच फूल म्हणतात.
मग फुलाला काय म्हणत असतील
हे विचारायचं राहून गेलं. एप्रिल होता,
समोरच्या डोंगरावर बर्फाचे डाग उरलेले,
आणि नझेली जाळीला पडलेलं भोक मोजत होती.
तीन बोटं.
भुंग्याला अंग चोरावं लागणार नाही, एवढं.

चाळीस पिंजरे, चाळीस गावं.
एकेका पिंजऱ्यात एकेका गावचा बाकला,
मधल्या पट्ट्यांत कमरेएवढा गहू,
कारण भुंगा म्हणजे पत्रिका न बघता
सोयरिकी जुळवणारा,
वर दलाली म्हणून मध नेणारा.
आत फुलांना रोज सकाळी बोटानेच टिचकी द्यायची;
पाकळी दाबली की केसर उसळून वर येतो.
पुढच्या पिंजऱ्यात शिरण्याआधी
स्पिरिटने नखांपर्यंत हात पुसायचे.
अबू घियाथचे हात त्या वासाचेच झालेत आता,
त्याने चहाचा पेला पुढे केला तरी दवाखाना आठवतो.

फाटली ती नेमकी एकशे त्र्याहत्तरची जाळी.
चिठ्ठीवर लिहिलंय: कफ्र दाली, १९८२,
बाजारातली एक बाई, ओंजळभर, पैसे घेतले नाहीत.
कफ्र दाली म्हणजे अबू घियाथचं गाव.
सीमेच्या अलीकडे आला तेव्हा त्याच्याकडे
किल्ली होती, कागद होते, बी नव्हतं.
जानेवारीत पेरताना त्याने एक दाणा दातांत धरून पाहिला
आणि हसला. हाच.
रात्रभर भिजवला तरी सकाळी खड्यासारखा वाजायचा,
माझी आई याला माझ्या चुलत्याच्या नावाने हाक मारायची.

नियम सांगतो, उपटा.
शीतगृहात मागे साठच दाणे,
त्यातले उगवतील किती, देव जाणे.
नझेली अंजारची, अरबी बोलताना अर्मेनियन हेल काढते;
"उद्या," एवढंच म्हणाली, तेही हेल न काढता.

मग तो म्हणाला, वारा मंगळवारी आला.
सोमवारी संध्याकाळी ही जाळी मी हाताने चाचपली होती.
बाकला खालून वर फुलतो, जिना चढावा तसा.
मंगळवारी कोण कुठल्या पायरीवर होतं
ते मी सांगतो.
"प्रत्येक झाडाचं?"
एकशे बारा तर आहेत, तो म्हणाला.
त्यांना नावं ठेवायला वेळ मिळाला नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मुलीचा स्वेटर उसवून आणला त्याने.
लाल. बाह्यांना आखूडच झाला होता,
म्हणाला, कुणी न विचारता.
प्रत्येक खोडाला एक गाठ:
गाठीखाली कफ्र दाली,
गाठीवर कुणाचंही काहीही.
वरचं सगळं नखाने खुडून टोपलीत.
पांढऱ्या पाकळीवर काळा ठिपका, काजळ फिसकटावं तसा;
टोपलीभर डोळे.
बाहेर ठेवल्याबरोबर भुंगे आले.
आतला एक मात्र निघेना.
शेवटी त्याच्यावर चहाचा पेला पालथा घातला,
खालून वहीचा पुठ्ठा सरकवला
आणि नझेलीने त्याला
पाहुण्यासारखं दारापर्यंत सोडलं.

जूनमध्ये शेंगा काळ्या पडल्या.
गाठीखालचं बी अडीच किलो, थोडं कमीच.
मोजताना नझेलीचं बोट कोपऱ्यातल्या एका झाडापाशी थांबलं.
त्याला गाठ होती, पण शेंडा कुणी खुडलेला नव्हता.
गाठीवर सहा शेंगा, जाडजूड,
कुठल्या गावच्या बापाच्या कोण जाणे.
अबू घियाथ तेव्हा दोरी गुंडाळत होता,
फारच मन लावून.

संध्याकाळी त्याच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूला ओघळलेला.
तंबूमागे, म्हणे, पाण्याच्या टाकीखाली
बारा महिने ओल असते.

नझेलीने वही उघडली.
नमुना १७३. जाळी शिवली. शेंडे खुडले.
झाडे: एकशे अकरा.